वाचकांचे प्रश्न: जेवणाच्या सुट्टीचा हिशेब

प्रश्न : मी कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात पॅकिंग विभागात काम करते. आमची वेळ सकाळी आठ ते दुपारी साडेचार अशी असून साडेबारा ते एक ही जेवणाची सुट्टी आहे. सुट्टी झाली की आधी गाऊन, टोपी आणि बुटांवरची आवरणे काढायची, हात धुवायचे आणि मग कॅन्टीनमध्ये रांगेत उभे राहायचे. परतताना हेच सगळे उलट क्रमाने करायचे. प्रत्यक्ष ताटावर बसायला पंधरा मिनिटेही मिळत नाहीत. एक वाजून पाच मिनिटे झाली की हजेरीच्या यंत्रात लाल खूण पडते आणि अशा तीन खुणा झाल्या की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो. शिवाय हा अर्धा तास बिनपगारी आहे, असे आम्हांला सांगितले जाते. हे कायद्याला धरून आहे का?
— एक कामगार, फोंडा तालुका

उत्तर : आपल्या पत्रात तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरे एकसारखी नाहीत.

सुट्टी बिनपगारी असणे हे स्वतःहून बेकायदेशीर नाही. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ५५ नुसार कोणत्याही प्रौढ कामगाराकडून सलग पाच तासांहून अधिक काम करून घेता येत नाही. त्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावीच लागते. हा अर्धा तास कामाच्या तासांत धरावा, असे मात्र कायदा म्हणत नाही. म्हणूनच आठ ते साडेचार ही साडेआठ तासांची उपस्थिती कागदावर आठ तासांचे काम ठरते. मासिक पगार घेणाऱ्याला ही कपात पगारपत्रकावर कधी दिसत नाही. ती कारखान्यातून बाहेर पडण्याच्या वेळेत दडलेली असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या असून कारखान्यांचा विषय आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० मध्ये आला आहे. या संहितेने दिवसाचे काम आठ तासांवर आणले आणि विश्रांतीचा तपशील नियमांवर सोपवला. संक्रमणाच्या काळात जुन्या कायद्यांच्या संबंधित तरतुदी आणि नियम चालू राहतील, असे केंद्र सरकारने जाहीर केले आहे. त्यामुळे ‘नवा कायदा आला, आता पाच तासांची अट गेली’ असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न गाऊनचा, आणि माझ्या दृष्टीने खरा वाद इथेच आहे. कायदा अर्धा तास ‘विश्रांतीसाठी’ म्हणतो. गाऊन चढवणे आणि उतरवणे ही कामगाराची हौस नव्हे. औषध दूषित होऊ नये म्हणून कंपनीने घातलेली ती सक्ती आहे आणि तिचा लाभही कंपनीलाच मिळतो. माझ्या मते हा वेळ कामाचा आहे आणि विश्रांतीचे घड्याळ गाऊन खुंटीवर लागल्यानंतरच सुरू झाले पाहिजे. कॅन्टीनपर्यंत चालत जाण्याच्या वेळेबाबत मात्र इतक्या ठामपणे बोलता येणार नाही, कारण चालत कुठे जायचे हे तुम्ही ठरवता. काही वर्षांपूर्वी अशाच एका कारखान्यात मी घड्याळ घेऊन दाराशी उभा राहिलो होतो. बाहेर पडताना माणशी चार मिनिटे लागत होती, आत जाताना सात, कारण हात धुण्यासाठी बेसिन दोनच होती आणि रांग चाळीस जणांची होती. ही अकरा मिनिटे व्यवस्थापनाने कधी मोजलीच नव्हती. त्यांना आकडा दाखवल्यावर पॅकिंगची ओळ दहा मिनिटे आधी थांबवायची आणि आणखी बेसिन बसवायची, एवढ्यावर तो वाद मिटला. आपणही सलग सहा दिवस मिनिटांची नोंद ठेवा आणि चार-पाच जणींच्या सह्यांनिशी लेखी अर्ज द्या. उपयोग झाला नाही, तर पणजीत आल्तिनो येथे असलेल्या कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाकडे जाता येईल. सूचनाफलकावर लावलेल्या कामाच्या वेळा आणि प्रत्यक्ष वेळा जुळतात की नाही, हे पाहणे निरीक्षकाच्या कामाचाच भाग आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच करता येते. तीन वेळा पाच मिनिटे म्हणजे पंधरा मिनिटे होतात. त्यांच्यासाठी चार तासांचा पगार कापणे वेतन कायद्यात बसत नाही. वारंवार होणाऱ्या उशिराबद्दल शिस्तभंगाची कारवाई वेगळ्या मार्गाने होऊ शकते, पण ती कारवाई हजेरीचे यंत्र करू शकत नाही.

प्रश्न : मडगावातील एका कापडाच्या दुकानात मी सहा वर्षे विक्रेता आहे. सकाळी दहा ते सायंकाळी सात अशी वेळ असून मध्ये एक तास जेवणाचा, म्हणून पगार आठ तासांचा मिळतो. दुकान दुपारी बंद होत नाही. आम्ही दोघे नोकर काउंटरच्या मागे स्टुलावर डबा उघडतो. गिऱ्हाईक आले की हात पुसून उठायचे आणि गेले की पुन्हा बसायचे. शेठ म्हणतात, ‘तास तर तुम्हांला देतोच, गिऱ्हाईक काय रोज येते?’ हा तास माझा की दुकानाचा?
— एक विक्रेता, सासष्टी

उत्तर : दुकानाचा. आपण जेवत असता हे खरे असले, तरी आपण दुकानाच्या स्वाधीन असता, आणि निकष स्वाधीन असण्याचाच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३० साली व्यापारी आस्थापना आणि कचेऱ्यांच्या तासांविषयी जो करार केला, त्यात कामाचे तास म्हणजे नोकर मालकाच्या स्वाधीन असतो तो काळ, आणि ज्या विश्रांतीत तो मालकाच्या स्वाधीन नसतो तेवढीच त्यातून वगळायची, अशी व्याख्या आहे. आपल्याकडील निवाड्यांवर हा करार थेट बंधनकारक नाही. पण इतकी नेमकी कसोटी दुसरीकडे क्वचित सापडते, म्हणून ती लक्षात ठेवावी. सोप्या शब्दांत सांगायचे तर स्वतःला एक प्रश्न विचारा : त्या तासात न विचारता दुकानाबाहेर पडून, समोरच्या बागेत बसून डबा खाता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती सुट्टी नव्हे.

आता पैशांकडे वळू. आपण पगार कळवलेला नाही, म्हणून उदाहरणादाखल महिना १५,६०० रुपये धरू. २६ दिवसांनी भागल्यास रोजचे ६०० आणि आठ तासांनी भागल्यास तासाचे ७५ रुपये होतात. दररोज एक तास न मोजता काम झाले, तर आठवड्याचे ४८ ऐवजी ५४ तास भरतात, म्हणजे सहा तास जादा. वर सांगितलेल्या चार श्रमसंहितांपैकी वेतन संहितेनुसार जादा कामाचा दर नेहमीच्या दराच्या दुपटीपेक्षा कमी असू शकत नाही. त्यामुळे तासाला १५० रुपयांप्रमाणे २६ दिवसांचे ३,९०० रुपये होतात. ‘गिऱ्हाईक काय रोज येते’ या वाक्याची किंमत ही एवढी आहे.

शेठ असे म्हणतील की नोकर तासातली वीसच मिनिटे उठला, मग तेवढ्याचेच पैसे द्या. हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण उरलेली चाळीस मिनिटेही दाराकडे डोळे लावूनच गेलेली असतात. दाव्यात मात्र पुरावा पाहिला जातो, आणि तो आपल्या हाताशी आहे. संगणकावर निघणाऱ्या प्रत्येक बिलावर वेळ छापलेली असते. दुपारी एक ते दोन या वेळेतली, आपल्या नावाच्या विक्रेता क्रमांकाची बिले महिनाभर दिसली, तर वेगळ्या साक्षीदाराची गरज फारशी उरत नाही. जेवणाच्या वेळेत शेठने पाठवलेले ‘खाली ये, पार्टी आली आहे’ अशा धाटणीचे संदेश मोबाइलवर असतील, तर ते पुसू नका.

दावा वेतन संहितेखाली नेमलेल्या प्राधिकाऱ्यापुढे करावयाचा असून त्याची मुदत तीन वर्षांची आहे. जुन्या वेतन प्रदान कायद्यात ती बारा महिन्यांची होती. थकलेल्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे, आणि देणे चुकते केले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. तरीही सहा वर्षांच्या नोकरीत पहिले पाऊल दाव्याचे असू नये, असे माझे मत आहे. दोन नोकर आहात, तर एकाने साडेबाराला आणि दुसऱ्याने दीडला जेवायला जावे आणि जाणाऱ्याने खरोखर दुकानाबाहेर जावे, असा लेखी प्रस्ताव आधी द्या. शेठना यात काही सोडावे लागत नाही, फक्त त्या वेळी त्यांना स्वतः काउंटरवर उभे राहावे लागेल. पणजीत पाटो येथील श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे; प्रस्ताव नाकारला गेला, तर त्याची पोच घेऊन तेथे जा.

प्रश्न : मी पेडण्याचा असून किनारपट्टीवरील एका रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकघरात आहे. आमची ‘ब्रेक शिफ्ट’ असते, म्हणजे अकरा ते साडेतीन आणि पुन्हा सात ते साडेअकरा. मधले साडेतीन तास बिनपगारी. घर लांब असल्याने मी तेथेच मागच्या कोठीत पडून असतो आणि मासळीची गाडी आली की उतरवून घ्यायला, कोळंबी सोलायला मलाच उठवतात. मधल्या वेळेचे काही मिळू शकते का?
— एक स्वयंपाकी

उत्तर : मासळी उतरवणे आणि कोळंबी सोलणे हे काम आहे आणि त्या मिनिटांचे पैसे मिळालेच पाहिजेत, याबद्दल वाद संभवत नाही. पुरवठादाराच्या चलनावर माल पोचल्याची वेळ आणि घेणाऱ्याची सही असते. ती सही आपली असेल, तर त्या चलनाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

त्याहून मोठा प्रश्न असा की, पहिल्या हजेरीपासून शेवटच्या सुटीपर्यंतचा आपला दिवस साडेबारा तासांचा होतो. कायद्यात कामाच्या तासांबरोबरच या एकूण काळालाही मर्यादा असते. कामगार खात्यात त्याला ‘स्प्रेड-ओव्हर’ असेच म्हणतात. मधली सुट्टी ताणून ताणून माणसाचा सगळा दिवस अडकवता येऊ नये, हाच या मर्यादेचा हेतू आहे. कारखान्यांसाठी ती विश्रांतीसह साडेदहा तासांची असून मुख्य निरीक्षकाच्या लेखी परवानगीने बारापर्यंत जाते. मोटार वाहतूक आणि खाणकामगारांच्या कायद्यांतही ती बारा तासांची आहे. आपल्या रेस्टॉरंटला गोवा, दमण आणि दीव दुकाने व आस्थापना अधिनियम, १९७३ लागू होतो. त्या कायद्याखालील कामाच्या वेळांची नोंद दाखवण्यास मालकाला सांगता येते. साडेबारा तासांची रचना त्या नोंदीत लिहिलेली असण्याची शक्यता मला कमीच वाटते. तेथे बहुधा वेगळ्याच वेळा असतील, आणि तो फरक हाच आपला मुद्दा.

गोव्यात दुपारची झोप ही चेष्टेची गोष्ट नाही; एक वाजता दार ओढून चारला उघडणारी दुकाने आपल्या गावागावांत आहेत आणि त्यात वावगे काही नाही. पण ही झोप दुकानाच्या माडीवर राहणाऱ्या मालकाला लागते. पेडण्याहून आलेला नोकर त्या वेळेत बसस्टँडच्या बाकावर किंवा तांदळाच्या पोत्यांवर पडलेला असतो, आणि त्याची ती विश्रांती आहे असे मानून पगाराचा हिशेब होतो. केवळ घरी जाता येत नाही म्हणून साडेतीन तासांचा पगार मिळेल, अशी आशा मात्र मी आपल्याला दाखवणार नाही. कोणी उठवत नसेल आणि बाहेर जायला मोकळीक असेल, तर तो वेळ आपलाच धरला जाईल. मागणी करावयाची ती एकूण दिवस आखूड करण्याची आणि मध्ये उठवल्यास त्या वेळेच्या जादा पगाराची.

प्रश्न : थिवी येथे माझा फॅब्रिकेशनचा लहान कारखाना आहे, बावीस कामगार आहेत. सध्याची वेळ आठ ते पाच, मध्ये एक तास सुट्टी. कामगारच म्हणतात की आम्हांला सुट्टी नको, काम करता करता काहीतरी खाऊ, पण चार वाजता सोडा. सगळे सही करून द्यायला तयार आहेत. दोघांचीही सोय होत असताना कायद्याने आड येण्याचे कारण काय? तसेच सकाळचा दहा मिनिटांचा चहा बंद करता येईल का?
— एक उद्योजक, बार्देश

उत्तर : बावीसच्या बावीस सह्या घेतल्या, तरी त्यांचा उपयोग नाही. विश्रांती हा असा हक्क आहे की तो कामगाराला सोडून देता येत नाही. सलग पाच तासांची मर्यादा सरकारच्या किंवा मुख्य निरीक्षकाच्या लेखी सूटपत्राने सहा तासांपर्यंत वाढते. आठ तास सलग चालवण्याची परवानगी कोणीच देऊ शकत नाही. आठव्या तासाला ग्राइंडरवर कोणाचे बोट गेले, तर त्या सह्यांचा कागद आपल्याविरुद्धचाच पुरावा ठरेल.

आड येण्याचे कारण आपण विचारलेत, म्हणून सांगतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली, तेव्हा रविवारच्या सुट्टीबरोबरच दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीची मागणी तीत होती, आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने हा अर्धा तास दिला. त्या काळी यंत्रापाशी उभ्या उभ्या भाकरी खाणारी माणसेही पोटासाठी ‘राजीखुशीने’च तसे करत होती. घरी लवकर जाण्याच्या ओढीने आजचा कामगार सही करतो. उद्या दुसऱ्या एखाद्या कारखान्यात मालकाच्या धाकाने करील, आणि कागदावर या दोन सह्या सारख्याच दिसतील.

आपली अडचण सोडवता येण्याजोगी आहे. सुट्टी तासाऐवजी अर्ध्या तासाची करा आणि साडेचारला सोडा. हा अर्धा तास पंधरा-पंधरा मिनिटांत तोडू नका, कारण कायद्याला सलग अर्धा तास अभिप्रेत आहे. शेतात राबणाऱ्यांना आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमारास पेज मिळत असे आणि तेवढा वेळ काम थांबत असे, ही गोष्ट आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. आपला सकाळचा चहा हा तिचाच धाकटा भाऊ म्हणायला हवा. चहा देण्याची सक्ती कायद्यात नाही, पण वर्षानुवर्षे दिलेली सवलत काढून घेणे हा सेवाशर्तींतील बदल ठरतो आणि त्यासाठी एकवीस दिवसांची नोटीस लागते. सुट्टीच्या वेळा बदलण्यासही हीच अट आहे. चहाबाबत मात्र एक आगाऊ सल्ला देतो : दहा मिनिटांचा चहा तोडून आपल्या हाती फारसे काही लागणार नाही, आणि त्यावरून उठणारी कुरबूर मात्र वर्षभर पुरेल.

प्रश्न : वेर्णा येथील आमच्या कारखान्याने जेवणाची सुट्टी अचानक अर्ध्या तासावरून एक तास केली. ऐकायला बरे वाटते, पण पगार तेवढाच आणि सुटण्याची वेळ पाचऐवजी साडेपाच. माझी वाळपईकडे जाण्यासाठी पणजीहून पुढची बस चुकते आणि घरी पोचायला रात्र होते. सूचना आदल्या दिवशी फलकावर लावली होती. आम्ही काय करू शकतो?
— एक कामगार, सत्तरी

उत्तर : वरच्या उत्तरातील एकवीस दिवसांच्या अटीचा आपल्या बाजूने उपयोग होतो. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९-अ खाली ज्या बाबी नोटीस दिल्याशिवाय बदलता येत नव्हत्या, त्यांच्या यादीत ‘कामाचे तास आणि विश्रांतीची मध्यांतरे’ हे शब्द स्पष्ट होते. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही ही तरतूद कायम आहे. आदल्या संध्याकाळी फलकावर चिकटवलेला कागद म्हणजे ती नोटीस नव्हे. मात्र कायदा नोटीस मागतो, कामगारांची परवानगी मागत नाही, हेही ध्यानात घ्या. रीतसर नोटीस देऊन एकवीस दिवसांनी व्यवस्थापन हाच बदल करू शकेल. तेवढ्या अवधीत युनियनने हरकत घेऊन वाद समेट अधिकाऱ्याकडे न्यावा. तेथे बसचे वेळापत्रक आणि ज्यांची बस चुकते त्यांची गावनिहाय यादी समोर ठेवा. ‘अन्याय झाला’ असे सांगण्यापेक्षा ‘अमुक इतक्या जणांना घरी पोचायला इतका उशीर होतो’ असे सांगितलेले तेथे अधिक ऐकले जाते.

प्रश्न : मी वास्को येथे एका निवासी संकुलाच्या फाटकावर रखवालदार आहे. बारा तासांची पाळी असून एजन्सी त्यातून एक तास जेवणासाठी वजा करते. बदली माणूस येत नाही. केबिनमध्ये जेवत असताना गाडी आली की फाटक मीच उघडतो.

उत्तर : बदली माणूस नसेल, तर सुट्टी झालीच नाही. वजा केलेला तास परत मिळवून पुरते बारा तास मोजा आणि आठच्या पुढचे चारही तास जादा कामाचे धरा. पाहुण्यांच्या नोंदवहीत जेवणाच्या वेळेतील नोंदी आपल्याच अक्षरात असतील. त्यांच्या प्रती काढून ठेवा. एजन्सीने हात वर केले, तर वेतन संहितेनुसार ज्या आस्थापनेत आपण काम करता तिच्या मालकावरही वेतनाची जबाबदारी येते. म्हणून अर्जाची एक प्रत संकुलाच्या समितीला द्या. समितीतील बहुतेकांना हा तास कापला जातो हे ठाऊकच नसते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : प्रसूतीच्या रजेनंतर मी कामावर रुजू झाले. बाळ आठ महिन्यांचे आहे आणि आमच्या आस्थापनेच्या पाळणाघरात असते. दूध पाजायला गेले की तो वेळ जेवणाच्या सुट्टीतून वळता करतात.

उत्तर : तसे करता येत नाही. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी जाण्याचा हक्क मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ ने दिला असून सामाजिक सुरक्षा संहितेतही तो आहे. या दोन खेपा विश्रांतीच्या सुट्टीखेरीजच्या आहेत आणि त्यांच्यासाठी पगार कापण्यास मनाई आहे. म्हणजे या सदरातील इतर सर्व सुट्ट्या बिनपगारी असू शकतात, ही मात्र नाही. बाळाच्या जन्मदाखल्याची प्रत जोडून, कोणत्या दोन वेळांना जाणार हे लिहून अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. आपल्या पत्रावरून पाहता अजून सात महिने हा हक्क आपल्याला आहे.